टाच, कंबर आणि जुना भाजलेला वण: त्वचेचा कॅन्सर वेळेत कसा हेरायचा आणि पुढे काय करायचं

माझ्या आत्याच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती शेतात अनवाणीच वावरायची, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: बाभळीचा काटा मोडला असेल. तिने सुईने उकरून पाहिलं, काटा काही निघाला नाही. मग कुरूप समजून मेडिकलमधून पट्टी आणली. न्हाताना वजरीने घासून घासून तो डाग घालवायचा प्रयत्न चालायचा. यात चौदा महिने गेले.

दिवाळीत तिच्या पायाला उटणं लावताना मी तो डाग पहिल्यांदा नीट पाहिला. एका कडेला कोळशासारखा काळा, मध्ये राखाडी, आणि दुसऱ्या कडेने टीपकागदावर शाई पसरावी तसा तळव्याकडे सरकलेला. रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान, मधोमध ओलसर. ‘दुखतं का गं आत्या?’ विचारलं तर म्हणाली, ‘दुखत न्हाई बग, म्हनून तर ऱ्हाऊ दिलंय.’

तो मेलानोमा निघाला. त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात घातक प्रकार. ऑपरेशनला आता सहा वर्षं झाली, आत्या ठणठणीत आहे. मी डॉक्टर नाही. पण त्या धावपळीत त्वचारोगतज्ज्ञ, सर्जन, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर आणि वॉर्डातले इतर पेशंट यांच्याकडून जे शिकले, ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर आमचे चौदा महिने वाचले असते. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

आधी समजून घ्या: आपल्याला धोका नेमका कुठे असतो

त्वचेचा कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर ऊन येतं. गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी ते बरोबरच आहे. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं, ते उन्हातली अतिनील किरणं बऱ्याच प्रमाणात अडवतं. त्यामुळे भारतात हा आजार तुलनेने कमी आढळतो. मात्र यातून ‘आपल्याला होतच नाही’ अशी एक समजूत बसली आहे, आणि ती डॉक्टरकडे पोचायला उशीर करवते.

आपल्याकडचा मेलानोमा बहुतेकदा ऊन न पोचणाऱ्या जागी निघतो: तळपाय, टाच, तळहात, नखाखाली, कधी तोंडात. रेगे संगीताचा मोठा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला होता. फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटलं. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो गेला.

दुसरा प्रकार स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो उन्हानेही होतो, पण आपल्याकडे जुन्या वणांतून आणि वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांतून होणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. लहानपणी चुलीत हात गेला होता, स्टोव्हच्या भडक्यात मांडी भाजली होती, तो वण तीस वर्षांनी अचानक फुटतो आणि भरतच नाही. अशा व्रणाला मार्जोलिन अल्सर म्हणतात. ज्यां-निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये जुन्या वणांतल्या अशा व्रणांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. काश्मीरमध्ये थंडीत फेरन या ढगळ झग्याखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरतात. तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद १८६६ मध्येच झाली होती.

आपल्या घरातलं उदाहरण त्याहून जवळचं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सूर्याबाईंच्या सोबतीने लिहिलेल्या शोधनिबंधात ‘धोती कॅन्सर’चं वर्णन केलं. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं करकचून बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने ही जखम होते. साडीचंही तेच. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांच्या केसेस प्रसिद्ध केल्या. एकीची जखम परकराच्या नाड्याच्या रेषेवर होती. दुसरी परकर न घालता लुगडं घट्ट नेसायची. तिच्या जांघेतल्या गाठीपर्यंत, म्हणजे लिम्फ नोडपर्यंत, कॅन्सर पोचला होता.

तिसरा प्रकार, बेसल सेल कार्सिनोमा, जगात सगळ्यात जास्त आढळतो. तो बहुतेक चेहऱ्यावर, नाकाच्या कडेला किंवा पापणीजवळ होतो. हळूहळू वाढतो आणि शरीरात क्वचितच पसरतो. आपल्या त्वचेवर तो काळपट, चकचकीत मण्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला तीळ समजतात. पसरत नाही म्हणून सोडून दिला तर नाक, पापणी आतून पोखरतो.

काही जणांनी जास्तच सावध राहायला हवं. किडनी किंवा दुसरा अवयव बदललेले आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे, रेडिएशन घेतलेले, कुष्ठरोगामुळे किंवा मधुमेहामुळे पाय बधिर होऊन तळव्याला जुनी जखम असलेले, आणि जन्मतःच त्वचेत-केसांत रंग नसलेले, म्हणजे अल्बिनिझम असलेले. या शेवटच्या गटासाठी ऊन खरोखर शत्रू आहे. कोड असलेल्यांना मात्र एक गोष्ट ठासून सांगायची आहे: कोडाचे पांढरे चट्टे उन्हात लवकर भाजतात, त्यांना जपायला हवं, पण कोडातून कॅन्सर होतो ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही. त्या भीतीपायी आधीच सोसणाऱ्या माणसाला आणखी घाबरवू नका.

महिन्यातून एकदा अंग कसं तपासायचं

अंघोळीनंतर, दिवसाउजेडी, खिडकीजवळ. ट्यूबलाइटखाली रंगातला फरक कळत नाही. भिंतीवरचा एक आरसा, हातातला एक आरसा आणि मोबाइल एवढं पुरतं. पंधरा मिनिटं लागतात.

वरून खाली या. डोक्यात फणीने भांग पाडत पाडत टाळू बघा, किंवा कुणाला तरी बघायला सांगा. कानाच्या पाळीमागे, पापण्यांच्या कडा, नाकाच्या खोबणी, खालचा ओठ. मग मान, पाठ, काखा, छातीखालची घडी. पुरुषांनी दाढीच्या आतली त्वचा चाचपून बघावी.

कमरेशी जरा थांबा. परकराच्या नाड्याची काळी, जाडसर रेघ आपल्याकडे इतक्या बायकांना असते की तिच्याकडे कुणी बघतही नाही. तिथे कातडी सोलते आहे का, खाजते का, एखादी जागा कडक झाली आहे का, चीर पडून ओली राहते का, हे बोटाने चाचपा. नुसती रेघ म्हणजे कॅन्सर नव्हे. ती रेघ म्हणजे आता नाडा सैल करा एवढीच सूचना. बारीक सुती नाड्याऐवजी रुंद पट्टी शिवून घ्या, गाठीची जागा रोज थोडी वरखाली करा, घरी असताना ढिली सोडा, रात्री झोपताना काढून ठेवा. नऊवारी नेसणाऱ्या आजींना ‘सैल नेसा’ म्हटलं तर त्या ऐकणार नाहीत, चालताना सुटेल ही त्यांची खरी अडचण असते. त्यांना पोटावर मऊ सुती घडी ठेवून त्यावर गाठ मारायला सांगा. माझ्या आजीने तेवढं मान्य केलं होतं. पुरुषांचा करगोटा रुतत असेल तर तोही सैल करा.

आता हातपाय. नखांचं पॉलिश त्या दिवशी काढा. जोडवी काढा, खरंच काढा, कारण त्याखालची कातडी वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते. हातापायावर मेंदी किंवा आळता असेल तर रंग उतरेपर्यंत थांबा, कारण त्याखाली डाग लपतो. पाय साबणाने धुवा, भेगांतली माती काढा, मग टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या आणि प्रत्येक नख.

डाग सापडला तर त्याच्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. नाण्यामुळे पुढच्या महिन्यात आकार वाढला का ते नक्की कळतं, आणि फोटोवर तारीख आपोआप राहते. आत्याच्या डागाचा एकही जुना फोटो नव्हता. ‘कधीपासून आहे आणि किती वाढला?’ या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

साठीपुढच्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. गुडघे दुखतात, वाकता येत नाही, नजर अधू असते. त्यांचे पाय घरातल्या कुणीतरी हातात घेऊनच बघायचे आहेत.

कोणती खूण दिसली तर थांबायचं नाही

तीळ सगळ्यांना असतात आणि बहुतेक तीळ आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. तुमच्या इतर तिळांपेक्षा वेगळा दिसणारा एखादा, हा संशयाचा पहिला मुद्दा. मधून रेघ मारली तर दोन भाग सारखे नाहीत, कडा खाचखळग्यांची आहे, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, रुंदी सहा मिलिमीटरच्या पुढे आहे, आणि तो बदलतो आहे. यात शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. लहान असला तरी बदलणारा तीळ दाखवायचा.

तळपायाला वेगळा नियम लावा, कारण तिथे हा आजार कुरूप, घट्टा, चामखीळ, काटा, साकळलेलं रक्त अशा कशाच्याही वेषात येतो. कधी काळा नसतोच, गुलाबी मांसाच्या बोंडासारखा असतो. पायावरचा डाग रंगीत आहे, वाढतो आहे, रक्त येतं, किंवा दोन महिन्यांत बरा होत नाही, यातलं काहीही असलं तर ‘कुरूप’ हा शब्द बाजूला ठेवा.

नखाखालचा काळेपणा घाबरवतो, पण त्याची एक साधी परीक्षा आहे. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, मुळाशी स्वच्छ नख येतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. दोन महिन्यांच्या अंतराने दोन फोटो काढले की कळतं. सावळ्या लोकांना अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असतात, त्या बहुधा नैसर्गिक असतात. मोठ्या वयात एकाच नखावर नवी रेघ आली, रुंद होत चालली, तर दाखवा. काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल तर फोटोंसाठी थांबूच नका, त्याच आठवड्यात जा.

जखमेचा हिशेब महिन्याचा ठेवा. चार आठवडे झाले आणि जखम भरली नाही, किंवा खपली धरते, पडते, पुन्हा रक्त येतं, तर तिचं कारण शोधलंच पाहिजे. भाजल्याच्या जुन्या वणावर, डागण्या दिलेल्या जागी, ऑस्टिओमायलायटिसच्या, म्हणजे हाडाच्या जुन्या संसर्गाच्या, वाहत्या तोंडाशी जखम झाली, तिच्या कडा फुलकोबीसारख्या उचलल्या गेल्या, घाण वास यायला लागला, तर महिनाही थांबू नका.

आणखी एक फसवा प्रकार आहे. नायट्यासारखा दिसणारा लालसर, खवल्यांचा एकच चट्टा, वर्षानुवर्षं एकाच जागी, कुठल्याच मलमाने न जाणारा. हा बोएन्स डिसीज असू शकतो, म्हणजे वरच्याच थरात असलेला कॅन्सर. या पायरीवर तो पूर्ण बरा होतो.

घरी काय करायचं नाही

चुना आणि सोडा लावून तीळ जाळायचा नाही. बिब्बा घालायचा नाही. चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधून ती पाडायची नाही. हे उपाय आपल्या गावागावांत आहेत आणि प्रेमाने केले जातात, म्हणूनच जास्त कळकळीने सांगते. वरचा भाग जळून जातो, आतला राहतो, आणि डॉक्टरला मूळ डाग कसा होता हे कळण्याचा मार्ग बंद होतो. ब्लेडने, वजरीने, नेलकटरने खरवडायचं नाही. मेडिकलमधून आणलेली ‘खाजेची ट्यूब’ही नको. तिच्यात अनेकदा जोरदार स्टेरॉइड असतं. चट्टा तात्पुरता फिका पडतो आणि सहा महिने वाया जातात.

ब्यूटी पार्लरमध्ये किंवा लेझरने तीळ काढून घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. लेझरने जळलेल्या तिळाचा तपासायला तुकडाच उरत नाही.

डॉक्टरकडे आणि बायोप्सी

पहिला दरवाजा त्वचारोगतज्ज्ञाचा. खाजगी फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजची स्किनची ओपीडी: पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नागपुरात मेयो, गोव्यात बांबोळीचं जीएमसी. केस पेपर काढताना ‘डाग आहे’ म्हणण्याऐवजी ‘वाढणारा काळा डाग आहे, रक्त येतं’ असं म्हणा. आत गेल्यावर फोटो दाखवा. भाजलेलं कधी, कशाने, घरात कुणाला असा आजार, चालू गोळ्या कोणत्या हे एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या दिव्याच्या भिंगातून बघतील. तळव्यावर ठशांसारख्या रेषा असतात. साध्या तिळात रंग बहुधा रेषांच्या खाचांत बसतो, मेलानोमात उंचवट्यांवर. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

संशय आला तर बायोप्सी. इथे बरेच लोक परत फिरतात, कारण ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे ते थोरल्या काकांनी म्हटलं. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. न केलेल्या बायोप्सीमुळे मात्र तो शांतपणे वाढत राहतो. जागा बधिर करण्याचं इंजेक्शन टोचतं तेवढंच, पुढे दुखत नाही. व्रण असेल तर कडेचा तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. मेलानोमाचा संशय असेल आणि डाग लहान असेल तर शक्यतो अख्खा डागच थोड्या कडेसकट काढतात, म्हणजे तो किती खोल आहे हे मोजता येतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. अंगावरून काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. आत्याचं नेमकं इथेच बिनसलं. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो तिथे कुरूप म्हणून वरचा भाग कापून काढला, पट्टी बांधली, आणि तो तुकडा कचऱ्याच्या बादलीत गेला. आम्हाला विचारायचं सुचलं नाही. सात आठवडे तिथेच गेले. तुम्ही विचारा: ‘हे तपासायला पाठवणार ना?’ तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनची बाटली तुमच्या हाती दिली तर तिच्यावर नाव, तारीख आणि कुठल्या अंगावरचा तुकडा हे लिहिलंय का ते बघून घ्या.

रिपोर्ट आला की नुसता कागद घेऊन येऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचाच तुकडा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात तुमचं निदान पुन्हा तपासतात आणि त्यासाठी ब्लॉक मागतात. तो नसेल तर सोलापूर-मुंबई अशी आणखी एक फेरी होते. आमची झाली.

रिपोर्टमधले शब्द

‘इन सिटू’ लिहिलं असेल तर आजार वरच्या थरातच आहे, ही चांगली बातमी. ‘इन्व्हेसिव्ह’ म्हणजे खाली उतरला आहे. मेलानोमात ‘ब्रेस्लो थिकनेस’ हा आकडा शोधा. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं की गाठ किती खोल गेली आहे यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. आकडा मिलिमीटरमध्ये असतो. एकपेक्षा कमी असेल तर बरं, चारच्या पुढे असेल तर काळजीचं. ‘अल्सरेशन’ म्हणजे वरची कातडी फुटलेली. ‘मार्जिन’ म्हणजे कापलेल्या कडा, त्या ‘फ्री’ असायला हव्यात, ‘पॉझिटिव्ह’ असतील तर पुन्हा कापावं लागतं. पॉझिटिव्ह या शब्दाने आमची फसगत झाली होती, चांगलं काहीतरी आहे असं वाटलं होतं.

उपचार कसे होतात

मुख्य उपचार ऑपरेशनच. गाठीभोवतीची निरोगी कातडीही काढतात. मेलानोमा एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालचा एक सेंटिमीटर, दोन मिलिमीटरच्या पुढे असेल तर दोन सेंटिमीटर. टाचेवर दोन सेंटिमीटर म्हणजे केवढा खड्डा हे पाहिल्यावर आमचे हातपाय गार पडले होते. तो बुजवायचं काम प्लास्टिक सर्जनचं. मांडीची पातळ साल काढून लावतात, किंवा शेजारचाच मांसल भाग रक्तवाहिनीसकट फिरवून बसवतात. टाचेवर अंगाचा भार येतो, तिथे दुसरी पद्धत जास्त टिकते. आत्याला तीन आठवडे पाय खाली टेकवायची बंदी होती. शेतकरी बाईला ते औषधापेक्षा जड गेलं.

मेलानोमा ठरावीक खोलीच्या पुढे गेला असेल तर जांघेतली किंवा काखेतली पहिली गाठ, म्हणजे लिम्फ नोड, तपासतात. तिला सेंटिनेल नोड म्हणतात, कारण डागाकडून येणारा रस आधी तिच्यात उतरतो. आत्याची गाठ स्वच्छ निघाली, पुढचे उपचार टळले.

चेहऱ्यावर नाकापापणीजवळ कॅन्सर असेल तर ‘मोज सर्जरी’ कुठे होते ते विचारा. अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोज यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत काढली. थर काढायचा, तिथल्या तिथे मायक्रोस्कोपखाली बघायचा, जिथे कॅन्सर उरलाय तेवढंच पुन्हा काढायचं. त्यामुळे निरोगी कातडी वाचते. ऑपरेशन झेपत नसलेल्या वृद्धांना बेसल आणि स्क्वॅमस प्रकारांत रेडिएशन देता येतं. अगदी वरवरच्या चट्ट्यांना काही विशिष्ट मलमंही चालतात, पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

पसरलेल्या मेलानोमावर पूर्वी फारसा इलाज नव्हता. २०११पासून इम्युनोथेरपीची औषधं आली. ती शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक सोडवतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. पण ‘पसरलाय, आता घरी न्या’ असं कुणी म्हटलं तर एकदा कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हार मानू नका.

पैशाचं आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधी त्याला भेटा, कारण ऑपरेशनची मंजुरी आधी लागते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. उपचाराला जाताना रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबत्यालाही सवलत मिळते, रुग्णालयाचा छापील दाखला लागतो. परळला टाटात जाणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं आसरा देते आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयासारखी केंद्रं जिल्ह्यांतही आहेत, प्रत्येक वेळी मुंबई गाठावीच लागते असं नाही.

उन्हाचं काय

आपल्याला धोका कमी असला तरी ऊन अगदी निरुपद्रवी नाही. वांग, सुरकुत्या, मोतीबिंदू यांत त्याचा हात असतोच, आणि वर सांगितलेल्या गटांना तर जपणं भाग आहे.

उष्णता आणि अतिनील किरणं वेगवेगळी असतात. महाबळेश्वरला गार वारा सुटलेला असताना चेहरा भाजतो तो यामुळेच. किरणांचा जोर यूव्ही इंडेक्सने मोजतात, मोबाइलच्या हवामानात तो दिसतो. तीनच्या पुढे जपायचं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे तो अकराच्या पुढे सहज जातो. मोबाइल नसेल तर स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरणं तीव्र आहेत. मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य थेट डोक्यावर असतो.

कपडा हा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय. शेतात बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळतात, ते अगदी बरोबर आहे. दाट विणीचा, गडद रंगाचा कपडा जास्त किरणं अडवतो. पातळ पांढरा सुती कपडा घामाने भिजला की त्यातून बरीच किरणं आत येतात. गांधी टोपीने कान आणि मान झाकत नाहीत, खाली उपरणं हवं.

सनस्क्रीनचा आकडा, एसपीएफ, भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांपुरता असतो. १५चं सुमारे ९३ टक्के अडवतं, ३०चं ९७, ५०चं ९८. म्हणजे ३० पुरे, त्यापुढे पैसे जास्त आणि फायदा थोडा. यूव्हीए ही दुसऱ्या प्रकारची अतिनील किरणं काचेतूनही आत येतात, म्हणून बाटलीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे दोन्ही अडवणारं, असं लिहिलेलं हवं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेली रेघ एवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी पुन्हा. सावळ्या चेहऱ्यावर झिंक ऑक्साइड पांढरं दिसतं, त्यासाठी रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या. वांग असणाऱ्यांना त्याचा वेगळा फायदाही होतो. आणि हे सगळं चेहऱ्याचं झालं. टाचेच्या मेलानोमाला सनस्क्रीन रोखू शकत नाही, म्हणून तपासणी सोडू नका.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांनी तिथले नियम पाळावेत. १९८१पासून तिथे शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे आणि शाळेत टोपीशिवाय मुलांना मैदानात सोडत नाहीत. आपली मुलं सावळी असली तरी त्यांना यातून सूट मागू नका.

ऑपरेशननंतर

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, नंतर अंतर वाढतं. दर वेळी डॉक्टर जुनी जागा, जांघेतल्या-काखेतल्या गाठी आणि उरलेलं सगळं अंग बघतात. एक मेलानोमा झालेल्या माणसाला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यामुळे ‘पाय बरा आहे’ म्हणून फेरी चुकवायची नाही. जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर पाय सुजतो. डॉक्टरांनी सांगितलेला घट्ट मोजा सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आधी चढवायचा, पायाला चीर पडू द्यायची नाही, लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

बसवलेल्या कातडीला घाम येत नाही आणि सुरुवातीला स्पर्शही कळत नाही. तिला रोज खोबरेल तेल लावायचं. मऊ तळव्याची, मागून बंद चप्पल घ्यायची आणि घालण्याआधी उलटी करून झटकायची, खडा रुतला तरी पेशंटला कळत नाही. आत्या पहिल्या वर्षी घरात अनवाणीच फिरायची, देवघर आणि स्वयंपाकघर दोन्हीकडे चप्पल चालत नाही म्हणून. शेवटी आम्ही तिला आतल्यासाठी जाड कापडी सपाता शिवून दिल्या. दोन जोड केले, एक धुतला की दुसरा.